केबिनच्या भिंतींचा तपास

३ फेब्रुवारी

मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही की ऐकायचं नसतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परवा मी तीनदा विचारलं, "पांढरा रंग आणलास का?" आणि तू तिन्ही वेळा म्हणालास, "हो हो, गारठा आहे." म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला बहिरं होता येणार नाही.

सगळं पुन्हा लिहून देते, म्हणजे नंतर "तू म्हणालीच नव्हतीस" नको. अठ्ठावीस मेला माझी इथली भाड्याची खोली सुटते. त्या दिवसापासून आईची बोट हेच माझं घर, दुसरं नाही. बोट तशीही दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर टेकूंवर उभी आहे, तर तेवढ्यात केबिनच्या आतल्या भिंती राहण्याजोग्या करून घे. पोपडे आलेत तिथे खरवडायचं, भेगा भरायच्या, वरून पांढऱ्या तेलरंगाचे दोन हात मारायचे. बस.

तो पांढरा रंग आईने का दिला होता ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. बाबा निघून गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने त्यांनी पॉलिश केलेल्या सगळ्या भिंती एकटीने पांढऱ्या केल्या. मी अकरा वर्षांची होते, डबा धरून उभी होते. गेल्या वर्षी जाताना तिने तुझ्याकडून आणि माझ्याकडून शब्द घेतला, की त्या माणसाचा पाय बोटीला लागता कामा नये. त्या रंगाखालचं लाकूडसुद्धा मला बघायचं नाही.

असं असताना, इथल्या मोठ्या दुकानातून पाठव म्हणून तू जी यादी दिलीस, त्यात बिनरंगी वॉर्निश आणि तीनशेवीस नंबरचा पॉलिश पेपर कशाला? पांढऱ्या भिंतीला वॉर्निश कोण लावतं? जळालेल्या दुकानात शिरून आग कुठून लागली ते विमा कंपनीला सांगणं, यावर माझं पोट चालतं. एवढ्याशा काजळीवरून मी माणूस खोटं बोलतोय का ते ओळखते. तेव्हा नीट उत्तर दे.

तुझी भाची

११ फेब्रुवारी

प्रिय फौजदारीणबाई,

पत्र मिळालं. उलटतपासणीला हजर आहे.

अगं, मला काय हौस आहे का? पांढऱ्या रंगाला फुगे आलेत. खरवडायची पत्री लावली की पापुद्रे सुटून हातात येतात. खिडक्यांच्या खाली तर रंग आणि लाकूड यांच्यामध्ये चक्क ओल. अशा भिंतीवर पुन्हा रंग मारला तर पावसाळ्याआधीच गळून तुझ्या अंथरुणात पडेल. म्हणून सगळा काढायलाच लागतोय. आम्ही आधी दाराच्या मागचा कोपरा घेतला. तिथे हात बसला की मग पुढच्या भिंती. झोपायच्या फळीसमोरची भिंत सगळ्यात शेवटी, कारण तीच रोज डोळ्यांसमोर असणार.

खाली सागाच्या अरुंद पट्ट्या आहेत. मी विसरूनच गेलो होतो. तुला बघायचं नाही म्हणतेस, पण लाकडाने कुणाचं काय बिघडवलंय?

वॉर्निश ओल धरू देत नाही म्हणून लागतं. पाठव.

गुडघा बरा आहे. आंघोळीला गरम पाणी घेतो. दारू सोडली ती सोडलीच, तेही विचारशील म्हणून लिहिलं.

तुझा मामा

१७ फेब्रुवारी

मामा,

"आम्ही" म्हणजे कोण?

तू जन्मभर फेरीबोटीवर इंजिनवाला म्हणून काम केलंस. तू "आम्ही" म्हणायचास तेव्हा तू आणि इंजिन असायचात. इथे इंजिन नाही. भिंती खरवडायला तुझ्याबरोबर कोण आहे? सुतार लावलास तर लावलास म्हण. मला न विचारता लावलास म्हणून मी रुसणार नाही. पण लपवलंस तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं मी धरून चालणार, आणि मी खिडकीखालच्या ओलीबद्दल बोलत नाहीये.

दुसरं. "दाराच्या मागचा कोपरा आधी, हात बसला की मग बाकीचं." हे शहाणपण तुला कुठून सुचलं? तू माझ्या पहिल्या सायकलला रंग दिलास तेव्हा पुढच्या मडगार्डापासून सुरुवात केलीस आणि तिथेच ओघळ आले. ते ओघळ सायकल भंगारात जाईपर्यंत होते.

वॉर्निश पाठवलेलं नाही. आधी उत्तर.

भाची

२ मार्च

फौजदारीणबाई,

"आम्ही" म्हणजे मी आणि माझा गुडघा. दोघांना बरोबरच काम करावं लागतं, एकाला सोडून दुसरा येत नाही.

वॉर्निश इथेच मिळालं, तेव्हा तुझी अडवणूक फुकट गेली. एक डबा मागवला होता, दोन आणले.

काम छान चाललंय. भिंतीचा रंग काढून झाला की पॉलिश पेपर मारायचा, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच, आडवा कधीच नाही. मग विजेरी भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकायचा. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत अशी बघितली की सगळे ओरखडे चुगली करतात. मग ते पुन्हा घासायचे. वॉर्निशचा हात मारण्याआधी खालच्या फळ्यांवर पाणी शिंपडायचं आणि पाव तास बाहेर जाऊन बसायचं, म्हणजे उडालेली धूळ खाली बसते. तेवढ्यात चहा होतो. मला हे सगळं माहीत नव्हतं असं म्हणशील. माणूस साठीनंतर शिकू शकतो की नाही?

छताजवळची पट्टी राहिली आहे. तिथे हात पुरत नाही, स्टूल घ्यावा लागतो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, तो आज नीट केला.

तू जेवणखाण वेळेवर करतेस ना? राखेत फिरून फिरून तुझा खोकला वाढलाय. फोनवर मला तो बरोबर ऐकू येतो.

मामा

८ मार्च

मामा,

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं आणि पहिलं पान झाल्यावर जिन्यात जाऊन बसले. उरलेलं तिथेच वाचलं.

हात मारण्याआधी खाली पाणी शिंपडणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिलाय. आम्ही तिघं बोटीवर राहायचो तेव्हा ते शिंपडून झालं की मला कडेवर घेऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "आता धुळीला झोपू दे." भिंतीला विजेरी टेकवायचा तो एकच माणूस. कोपऱ्यापासून सुरू करून झोपायच्या फळीसमोर संपवणाराही तोच. धक्क्यावर सगळे त्यांना पॉलिशवाले म्हणायचे, आणि त्यांच्या हाताखाली कुणी टिकायचं नाही, कारण पद्धत अशी काटेकोर. तू एका हातात काम उरकणारा माणूस. तुझ्याकडून दोन ओरखडे सुटले तर तू विजेरीच विझवशील.

मामा, मी कामावर कुणाला एकदाच सरळ विचारते. मग पुराव्याकडे बघते. तुला एकदा विचारते.

त्या माणसाचा पाय आईच्या बोटीला लागलाय का?

मला विनोद नकोत. गुडघा नको. हो किंवा नाही.

भाची

२० मार्च

बाळ,

नाही.

तुझ्या आईच्या उशाशी बसून मी जो शब्द दिला तो मोडलेला नाही. त्या माणसाचा पाय बोटीला लागलेला नाही आणि लागणारही नाही. हे मी शपथेवर लिहितो. यापुढे याविषयी पत्रातून विचारू नकोस. तू इकडे ये, मग समोरासमोर बसून बोलू. काही गोष्टी कागदावर मला जमत नाहीत.

काम थांबवलेलं नाही. तीन भिंतींचं लाकूड मोकळं झालं, त्यातल्या दोन भिंतींना चौथा हात मारून झाला. इतके हात कशाला म्हणून मीही कुरकुरलो, पण आता नजर हलत नाही इतकं देखणं झालंय. परवा वाटलं वाळलं असेल, म्हणून बोट लावणार होतो, तर ओरडा बसला. बोटाचा ठसा उठतो. गाल टेकवून बघायचा असतो. गार लागलं तर आत अजून ओलं आहे, नाही लागलं तर वाळलं.

स्टोव्हकडची भिंत अजून पांढरीच आहे. तिला हात लावायच्या आधी तुला विचारावं असं ठरलंय.

तब्येतीला जप.

मामा

२५ मार्च

मामा,

"ओरडा बसला." कुणाचा रे? गुडघ्याचा?

तू शपथ घेऊन खोटं लिहिलंस. याआधी तू माझ्याशी खोटं बोलला नव्हतास असं नाही. आईचा आजार किती वाढलाय तेही तू लपवलं होतंस. पण ते मला वाचवायला होतं. आत्ता कुणाला वाचवतोयस?

भिंतीला गाल लावायचे ते. वाळलं की हसून माझ्याकडे वळायचे आणि तोच गाल माझ्या गालाला लावायचे, वॉर्निशचा वास असलेला. हे मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा तुला हे पुस्तकात मिळालं असं सांगू नकोस.

मी चिडून तिकडे धावत येईन असं तुला वाटत असेल. येणार नाही. माझी तारीख अठ्ठावीस मे आहे, तेव्हाच येईन. सोबत एक बंद पाकीट आहे. त्यावर "बाबांस" असं लिहिलंय. ते त्यांच्या हातात दे. तू उघडू नकोस. त्यात काय आहे ते तुला कळायला हवं असेल तर एवढंच सांगते, की मी त्यांना हाकलून द्यायला लिहिलेलं नाही. बाविसाव्या वर्षी लिहिलं असतं. पंचविसाव्याही. आता मी चौतीस वर्षांची आहे आणि जगात मला जन्म दिलेल्या माणसांपैकी एकच उरलाय.

आईला दिलेला शब्द मी मोडतेय. त्याचं मी माझं बघेन. तू तुझं बघ.

भाची

१९ एप्रिल

बाळ,

जवळजवळ महिना झाला, मला माहीत आहे. सात वेळा लिहायला बसलो. आता जे लिहितो ते बसून वाच, आणि एकटी असशील तर शेजारणीला बोलावून घे.

तुझं पाकीट मी दिलेलं नाही. द्यायला माणूस नाही. तुझे बाबा गेल्या ऑक्टोबरात गेले. छातीत पाणी झालं, दवाखान्यात नऊ दिवस होते. मला कळलं ते जानेवारीत. एक बाई त्यांची हत्यारांची पेटी घेऊन धक्क्यावर आली आणि "इंजिनवाले मामा कोण?" म्हणून विचारत फिरली. भिंतींचं काम तीच करतेय.

आधी मी तिला पेटीसकट परत पाठवणार होतो. नको नको ते बोललोही. तुझ्या आईला आणि मला इतकी वर्षं वाटत आलं की तो कुणा बाईच्या नादाने गेला. तसं नाही. ही त्याला भेटली तो इथून गेल्यावर चार वर्षांनी. तो तिच्या गावात फर्निचरला पॉलिश करायचा, तिने त्याच्याकडे काम शिकलं, मग एकोणीस वर्षं एकाच छपराखाली राहिले. दुसरं मूलबाळ नाही. तुझ्या आईने घटस्फोट कधी दिला नाही, त्यामुळे लग्नही नाही.

तो इथून का गेला, ते मी तिला विचारलं. तिलाही नीट ठाऊक नाही. तो सांगायचा, की टर्पेंटाइन आणायला गेलो, वाटेत जुना दोस्त भेटला, दोन दिवस पीत बसलो. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईला तोंड दाखवायची लाज वाटली. आठवड्याने जास्त वाटली. वर्षाने तर पार संपलंच. एवढंच. मी ऐकलं आणि मला इतका राग आला, की मी बाहेर जाऊन अर्धा तास उभा राहिलो. त्याच्यामागे काहीतरी मोठं कारण असेल असं मी तेवीस वर्षं धरून चाललो होतो. तो नुसता भित्रा निघाला.

बाईने माझ्याकडे काही मागितलं नाही. केबिन बघू का म्हणाली. पांढऱ्या रंगाला नखाने खरवडून बघितलं आणि म्हणाली, "पट्ट्या सागाच्या आहेत ना? ते सांगायचे." मग म्हणाली, "मला एवढं काम करू द्या. ह्या भिंतींचं मी इतकं ऐकलंय, की माझ्याच घरच्या वाटतात." मी हो का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. तुझ्या आईने त्याच्या पायाबद्दल शब्द घेतला होता, हिच्याबद्दल नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ही वकिली झाली, ते मला कळतं.

तुझं पत्र वाचून मी थक्क झालो. सगळ्या खुणा तू बरोबर ओळखल्यास. फक्त एक सोडलीस. छताला हात पुरत नाही म्हणून स्टूल लागतो असं मी लिहिलं होतं. तुझ्या बापाचं डोकं त्या छताला रोज आपटायचं, आणि माझंही आपटतं. एवढी फौजदार तू, पण तुला तोच हवा होता म्हणून स्टूल तुझ्या नजरेतून सुटला.

पाकीट तिने पाहिलं. त्या दिवशी मी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो होतो, पोस्टमनने टपाल तिच्याकडे दिलं, आणि वरचं पाकीट फाटून आतलं दिसत होतं. "बाबांस" वाचून तिने ते उघडलं नाही, माझ्या उशीखाली ठेवलं. त्या दिवशी तिने काम केलं नाही.

तू आता जे म्हणशील ते करीन. ती जा म्हटलं तर जाईल.

मामा

८ मे

बाळ,

तीन आठवडे झाले. एक ओळ नाही, फोन उचलत नाहीस. तुझ्या ऑफिसात फोन केला तर "रजेवर आहेत" म्हणाले. कुठे आहेस? मला शिव्या दे, पण कळव.

बाई सामान बांधतेय. म्हणाली, मुलगी बोलत नाही याचा अर्थ मला कळतो. झोपायच्या फळीसमोरची भिंत अर्धवट राहिली आहे, तिचा रंग निघालाय पण हात एकही मारलेला नाही. स्टोव्हकडची पांढरीच आहे. मी तिला सोमवारपर्यंत थांबवून ठेवलंय, गुडघ्याचं सोंग करून.

मामा

१२ मे

वर कुणाचं नाव लिहायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. हे पत्र मामाला नाही. भिंती करणाऱ्या बाईंना आहे. मामाने त्यांना थांबवून ठेवलं असेल असं धरून चालते.

मी रजेवर होते हे खरं आहे. मामाचं पत्र आल्यावर मला आधी वाटलं, की हेही खोटंच. मी विचारलेलं टाळायला त्याने बाबांना मारून टाकलंय, आणि ते त्या भिंतीमागे जिवंत आहेत. मी कुणावर विश्वास ठेवत नाही, माझा धंदाच तो आहे. म्हणून धक्क्यावर फोन करून तुमच्या गावाचं नाव काढलं आणि तिकडे गेले. दोन दिवस होते. तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही बोटीवर होतात.

दवाखान्यात वॉर्ड बघितला. मग नोंदणी कचेरीत गेले आणि मृत्यूची नोंद मागितली. मुलगी आहे असं सांगितल्यावर त्यांनी वही उघडून समोर ठेवली. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं, महिना मामाने लिहिला तोच. मला वाटलं होतं की मी रडेन. मी वहीवर बोट ठेवून एकेक रकाना वाचत गेले, जळक्या दुकानात वाचते तशी. शेवटचा रकाना खबर देणाऱ्याचा असतो. तिथे तुमची सही होती. त्याच्या शेजारी "मृताशी नातं" असा रकाना आहे. तिथे तुमच्याच अक्षरात लिहिलं होतं, "शेजारी".

कारकून म्हणाला, "बाई बराच वेळ उभ्या होत्या, मग लिहिलं." मी त्याला विचारलं, हे दुरुस्त करता येतं का? तो म्हणाला, "दुरुस्त करून काय लिहायचं?" मी वही मिटली. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि तिथे मात्र रडले. बाबांसाठी किती आणि तुमच्यासाठी किती ते मला माहीत नाही.

मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. माफ करण्यासारखं तुम्ही काही केलं आहे की नाही तेच अजून मला कळलेलं नाही. तुमच्यावर माझा विश्वासही बसलेला नाही, तो बसायला वेळ लागेल आणि कदाचित बसणारही नाही. मामाने तुम्हाला आत घेतलं म्हणून मी त्याच्यावर रागावले आहे, आणि मला इतके दिवस कळवलं नाही म्हणून त्याहून जास्त. हे त्याला वाचून दाखवा. मोठ्याने दाखवा, नाही तर "हो हो" म्हणेल.

कामाचं सांगते. स्टोव्हकडच्या भिंतीला हात लावायचा नाही. फुगे आले असतील तेवढे काढून तिला पांढराच रंग द्या. ती आईची भिंत आहे, आणि तिने ज्या रागाने ती रंगवली तो मला खरवडून टाकायचा नाही. झोपायच्या फळीसमोरची भिंत मात्र पुरी करा, तुमच्या पद्धतीने, लागतील तेवढे हात मारून. घाई नको. अठ्ठावीस मेपर्यंत झाली नाही तर वास चालेल मला.

सामान सोडा. झोपायच्या फळ्या दोन आहेत. मी खिडकीकडची घेणार, लहानपणापासून तीच माझी.

मामाकडे माझं एक पाकीट आहे. त्यात मी बाबांना काही विचारलंय आणि काही सांगितलंय. ते आम्हाला सोडून गेल्यावर मी कितीतरी महिने त्यांचा ब्रश तेलात बुडवून ठेवला होता, केस कडक होऊ नयेत म्हणून, आणि दर रविवारी तेल बदलायचे, हेही त्यात आहे. ते पाकीट परत पाठवू नका आणि जाळू नका. तुम्ही उघडा. तुमच्याशिवाय आता ते वाचायचा हक्क कुणाचा नाही. प्रश्नांची उत्तरं मी आले की समोर बसून द्या. ते काय बोलले असते ते बनवून सांगू नका, मला लगेच कळेल. तुम्ही एकोणीस वर्षांत जे पाहिलंत तेवढंच सांगा.

अठ्ठावीसला दुपारच्या गाडीने पोचते. मामाला स्टेशनवर पाठवू नका, त्याचा गुडघा दुखतो. तुम्ही या.